अण्णांनी साहेबांना सांगितलंय

मच्छिंद्र कोंढरे हळू आवाजात बोलायला लागला, हे नऱ्ह्याच्या त्या कारखान्यात आधी कुणाला खरंच वाटेना. प्रेस शॉपमधल्या पोरांना वाटलं, अण्णांचा घसा बसलाय. कॅन्टीनवाल्याने तर हळद घातलेलं दूध पाठवून दिलं. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. वीस-बावीस वर्षं ज्या माणसाने साधा पाना मागतानासुद्धा समोरच्याची आई-बहीण सोडली नाही, तो एका सोमवारी सकाळी "सुखदेव, जरा पाना देतोस का?" असं म्हणाला, तर कुणालाही काळजीच वाटणार.

माणूस वाईट नव्हता हो. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकलंत की तुम्ही हेच विसराल. मूळचा आंबेगावचा. गाव शहरात आलं, वावरांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, भावकीतले काही जण मोठमोठ्या गाड्या फिरवायला लागले. मच्छिंद्रच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. तो या कारखान्यात हेल्पर म्हणून लागला आणि हाडं झिजवत सुपरवायझर झाला. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनायच्या तिथे. पत्रा प्रेस मशीनखाली सरकवायचा, वरून दणका बसायचा, पार्ट तयार. त्या दणक्यांच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकूच जायचं नाही, हे त्याचं कायमचं कारण. पण बाहेर पार्किंगमध्येही तो तसाच ओरडायचा, तिथे कसला दणका होता?

पोरं त्याला अण्णा म्हणायची. कुणाचं लग्न असलं की अण्णा हजर, कुणाचं मूल आजारी पडलं की अण्णांची स्कूटर दारात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोराची सगळ्यांदेखत खरडपट्टी. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, मग सांगायचं कशाला, असं पोरांनी ठरवून टाकलं होतं. पार्ट बिघडला की गपचूप भंगाराच्या पेटीत. अंगात ताप असला तरी कामावर. अण्णांना कळलं नाही म्हणजे झालं नाही, असा सगळा कारभार.

मग चांगले दोन ऑपरेटर पाठोपाठ नोकरी सोडून गेले. दोघांनीही एचआरच्या राजनंदिनी मॅडमना एकच कारण सांगितलं, अण्णांची जीभ. मॅडम तरुण होत्या, उत्साही होत्या. त्यांनी नारायण पेठेतून पद्मजाताईंना बोलावलं.

पद्मजाताई कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडी, हातात खडू, चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "प्रत्येकाच्या आत तिघं राहतात. एक पालक, तो रागावतो नाहीतर लाड करतो. एक मूल, ते घाबरतं, रुसतं, शाबासकीसाठी काहीही करतं. आणि एक प्रौढ. तो समोर काय आहे ते बघतो आणि तेवढंच बोलतो. आपल्यातलं कोण बोलतंय आणि समोरच्यातल्या कुणाशी बोलतंय, एवढं ओळखता आलं तरी निम्मी भांडणं मिटतात."

"बाई, हितं तीन शिफ्टला माणसं पुरंनात," मच्छिंद्र मागून म्हणाला, "आतली तीन कुठनं आणू?"

पोरं खो खो हसली. पद्मजाताई हसल्या नाहीत. "हे आत्ता बोललं ते मूल. हुशार आहे. आता त्याला बसवा आणि सुपरवायझरसाहेबांना पुढे पाठवा."

पुढे आल्यावर त्यांनी त्याला ऑपरेटर व्हायला सांगितलं. अण्णा व्हायला तीन नंबरच्या प्रेसवरच्या सुखदेवला उभं केलं. सुखदेव परांड्याकडचा, तोंडातून शब्द न काढणारा. तो आधी नाहीच म्हणत होता. सगळ्यांनी ढकलला तेव्हा त्याने खांद्यावर रुमाल टाकला, बोट वर केलं आणि असा काही सुटला, की ऐकणाऱ्यांच्या पोटात दुखायला लागलं. "पत्रा तुझ्या बापानं आणलाय का रं? अन्न खातो का शेण? हुबा ऱ्हा सरळ!" अगदी तोच सूर, तीच मान.

कॅन्टीन हसत होतं आणि मच्छिंद्र मात्र जमिनीकडे बघत उभा होता. हात आपोआप पाठीमागे गेलेले. पन्नाशी उलटलेला बाप्या, पण उभा होता शाळेतल्या पोरासारखा.

"खाली का बघताय?" पद्मजाताईंनी विचारलं.

"सवय हाय."

"कधीपासूनची?"

तो जागेवर जाऊन बसला. पण 'अन्न खातो का शेण' हे वाक्य त्याचं नव्हतंच. ते त्याच्या वडिलांचं होतं. धार काढताना कासंडी कलंडली की, परीक्षेत नापास झाला की, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा त्याने ते ऐकलं होतं. वडील जाऊन किती वर्षं झाली, आणि म्हातारा इथे प्रेस शॉपमध्ये रोज हजेरी लावत होता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "मथुरा, जेवायला वाढतीस, का अजून वेळ हाय?" मथुराने पोळपाट तसाच ठेवला आणि पुढे होऊन त्याचं तोंड हुंगलं. पिऊन आलेला नाही अशी खात्री पटल्यावर ती जास्तच घाबरली.

माणूस जिद्दीचा, त्यामुळे ते सोंग ठरलं नाही. ओरडा घशाशी यायचा तेव्हा तो पाण्याच्या कूलरपाशी जायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि परत येऊन विचारायचा, "काय झालं? मला नीट सांग." पहिल्यांदा पोरं बावचळली. मग हळूहळू सांगायला लागली. अण्णा, माझ्याकडून पन्नासेक पार्ट गेले. अण्णा, काल झोप नाही, आज मोठ्या मशीनवर नको. मच्छिंद्र ऐकून घ्यायचा. भंगार कमी झालं. राजनंदिनी मॅडमनी त्याचा फोटो नोटीस बोर्डवर लावला. आणि त्याला स्वतःला काय वाटत होतं म्हणाल, तर आयुष्यात पहिल्यांदा त्याला कामावर यायला बरं वाटत होतं.

सगळ्यांत जास्त बदलला तो सुखदेव. महिनाअखेरीला, डिस्पॅचची घाई चाललेली असताना तो मच्छिंद्रजवळ आला आणि डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "अण्णा, सरळ सांगतो. तीन नंबरचा सेन्सर बंद करून ठेवलाय."

हात आत गेला की मशीनला जागच्या जागी थांबवतो तो सेन्सर. पण तो जुना झाला होता, उगाचच मशीन थांबवायचा आणि काम रखडायचं. म्हणून रात्रपाळीत वायर जोडून तो निकामी केला होता. दत्तप्रसाद साहेबांनीच तसं सांगितलं, असं इलेक्ट्रिशियनने सुखदेवला खासगीत सांगितलं होतं. दत्तप्रसाद साहेब म्हणजे प्लांटचे प्रमुख. कोणतंही मशीन बंद ठेवायचं तर त्यांच्या शब्दाशिवाय ठेवता यायचं नाही.

"मी सळईनं पार्ट काढतोय," सुखदेव म्हणाला. "जुनी माणसं काढायची तसा. पण त्यात वेळ जातोय. माल कमी पडला तर बोलणी मला बसतील. सेन्सर दुरुस्त करून घ्या म्हणून तुम्ही साहेबांना सांगा."

जुन्या माणसांचा प्रेसवर एक रिवाज होता. मशीनवर आणि मालकावर भरवसा ठेवायचा नाही, अडकलेला पार्ट सळईनेच ओढायचा. त्या रिवाजाने कितीतरी बोटं वाचली होती.

"सांगतो," मच्छिंद्र म्हणाला. "आजच सांगतो."

साहेबांच्या केबिनपर्यंत जाताना त्याने वाक्य तयार केलं. पद्मजाताईंनी शिकवलं होतं तसं, रागाचं नाही की रडगाण्याचं नाही. समोर काय आहे ते आणि आपलं म्हणणं काय ते. दोनदा पुटपुटून पाहिलं. चांगलं जमलं होतं.

दत्तप्रसाद साहेब त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. कधी आवाज चढवायचे नाहीत, गरजच पडायची नाही. मच्छिंद्र आत गेला तेव्हा ते लॅपटॉपमध्ये बघत होते. बसा म्हणाले नाहीत. तो खुर्चीमागे उभा राहिला.

"या मच्छिंद्रराव. तुमची कीर्ती ऐकतोय हल्ली. प्रेस शॉपमध्ये म्हणे आता पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो."

"न्हाई, तसं काय न्हाई साहेब."

"डिस्पॅच होतंय ना?"

"व्हतंय साहेब."

"तेच." साहेबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "परवाच मी वरच्या मीटिंगमध्ये म्हणालो, बाकीचे सुपरवायझर रोज काहीतरी गाऱ्हाणं घेऊन येतात. कोंढरे कधीच येत नाहीत. अशी माणसं राहिली नाहीत आता. बोला, काय काम होतं?"

आता इथे तुम्ही किंवा मी असतो तर बोललो असतो, असं आपल्याला वाटतं. वाटू द्या. मच्छिंद्रच्या बापाने त्याला जन्मात कधी शाबास म्हटलं नव्हतं. त्याच्या छातीत काहीतरी इतकं ऊबदार भरून आलं, की ते वाक्य कुठल्या कुठे गेलं. "काय न्हाई साहेब," तो म्हणाला, "सहज आलतो." आणि बाहेर पडला तो चक्क खुशीत. कूलरपाशी पाण्याचा ग्लास हातात घेतला, तेव्हा कुठे त्याला आठवलं की आपण कशासाठी गेलो होतो.

परत फिरावं असं त्याला वाटलं. पण आत्ताच 'गाऱ्हाणं घेऊन येत नाहीत' म्हणालेत, लगेच कसं जायचं? उद्या जाऊ. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब जरा निवांत असतात.

सुखदेव मशीनपाशी वाट बघत होता. "सांगितलंत?"

बघा, किती सरळ प्रश्न. नाही म्हणायला काय लागत होतं? पण पोरगा इतक्या विश्वासाने बघत होता, की मच्छिंद्रच्या तोंडून निघून गेलं, "सांगितलं. करून घेतो म्हणाले."

एरवीचे दिवस असते तर सुखदेवने त्यावर काडीचा भरवसा ठेवला नसता. सुपरवायझर बोलला आणि साहेबाने केलं, असं त्या शॉपमध्ये कधी घडलंय? पण हे अण्णा वेगळे होते. त्याने चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, अण्णांनी साहेबांना सांगितलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी इलेक्ट्रिशियन तीन नंबरपाशी शिडी लावून काहीतरी करून गेला. तो वरचा दिवा बदलायला आला होता. सुखदेव तेव्हा पत्रा आणायला गेला होता. येताना त्याने शिडी घेऊन जाणारा माणूस बघितला आणि त्याची खात्री झाली. त्याने सळई बाजूला ठेवली. माल मागे पडला होता, तो भरून काढायचा होता.

जेवणाच्या सुट्टीआधीच झालं ते. एक पार्ट अडकला आणि सुखदेवने हात आत घातला.

मच्छिंद्र दुसऱ्या टोकाला होता. दणका नेहमीचाच, पण त्यानंतर जी किंकाळी आली ती त्या सगळ्या मशीनच्या वर ऐकू आली. तो धावला. पोरांनी मशीन बंद केलं होतं. सुखदेव खाली बसला होता, पांढराफटक, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "थांबलं नाही. अण्णा, थांबलंच नाही." मच्छिंद्रने खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या मनगटाभोवती आवळला आणि त्याला पोटाशी धरून गाडीत घातलं. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

चौकशी बसली. हेड ऑफिसातून दोघं आले. दत्तप्रसाद साहेब म्हणाले, "कोंढरेंनी मला सेन्सरबद्दल काहीही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर मी मशीन थांबवलं असतं." पुढचं खरं की खोटं, देव जाणे. सेन्सर त्यांनीच बंद करायला लावला होता, तेव्हा साहेब काही धुतल्या तांदळाचे नव्हते. पण पहिलं वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि ते कुणालाही खरं वाटलं नाही. दाराबाहेर उभी असलेली पोरं तर खवळली. खोटं बोलतो भाड्या, अण्णांनी सांगितलं होतं, आम्ही सगळे साक्षीला आहोत!

राजनंदिनी मॅडमनी मच्छिंद्रला विचारलं, "अण्णा, तुम्ही साहेबांना सांगितलं होतं ना?"

साहेब त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग नव्हता. खरं तर विनवणीच होती, आणि त्याने साहेबांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मच्छिंद्रने मान खाली घातली.

"घाबरू नका अण्णा," मॅडम हळूच म्हणाल्या. "कळलं आम्हाला."

साहेबांना जावं लागलं. मच्छिंद्र कॅन्टीनमध्ये गेला की पोरं उठून उभी राहायला लागली. साहेबाला नडला आमचा अण्णा, असं नव्या पोरांना सांगितलं जायचं. तो जेवायचा नाही. घरी मथुरा विचारायची, काय झालंय, बोला की. तो म्हणायचा, काय न्हाई. रात्रंदिवस त्याला एकच वाटायचं, आपण त्या पोराचा हात खाल्ला.

मग राजनंदिनी मॅडमनी त्याला बोलावलं. पद्मजाताईंची नवी बॅच सुरू होणार होती. "अण्णा, या वेळी तुम्ही बोलायचं. वरच्या माणसाशी प्रौढपणे कसं बोलावं, याचं तुमच्याइतकं चांगलं उदाहरण नाही आपल्याकडे."

तो "बघतो" म्हणाला, बाहेर आला आणि स्कूटरला किक मारून थेट कात्रजला सुखदेवच्या खोलीवर गेला.

दुपारची वेळ होती. सुखदेव पलंगावर बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायचा प्रयत्न करत होता. बायको, तेजस्विनी, बघत होती पण मदत करत नव्हती. त्यानेच तसं सांगितलं असणार. अण्णांना बघून सुखदेवचा चेहरा उजळला. "या अण्णा! तेजू, चहा टाक." तिने आधण ठेवलं.

मच्छिंद्र खुर्चीच्या टोकावर बसला. आधी बोलला सुखदेवच.

"अण्णा, हात गेला तो गेला. रात्री अजून बोटं दुखतात, नसलेली. पण एक सांगू? माझा बाप ऊसतोडीला होता, मी हितं. माझ्यासाठी कुणी साहेबाच्या तोंडावर जाऊन बोललंय, असं आमच्यात कधी झालंच नाही. तेवढ्यावर मी दिवस काढतो. गावाकडं आईला फोन केला की तेच सांगतो." तो जरा पुढे वाकला. "काय बोललात हो तुम्ही त्याला? मला सगळं सांगा ना एकदा."

मच्छिंद्रने त्याच्याकडे बघितलं. या वेळी मान खाली गेली नाही.

"मी बोललो न्हाई, सुखदेव."

"म्हणजे?"

"आत गेलो. सांगायलाच गेलतो. साहेबानं माझं कौतुक केलं आन् मी तसाच बाहेर आलो. तुला खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगणार व्हतो, त्याआधी तुझा हात गेला. चौकशीतबी गप बसलो. मॅडमला सांगायला निघालोय, पण आधी तुला."

आवाज चढलेला नव्हता की रडवेला नव्हता. पद्मजाताईंनी ऐकलं असतं तर काही खोट काढता आली नसती.

सुखदेवचा डावा हात बटणावरून सुटला. स्टोव्हवर पाणी उकळायला लागलं होतं. मग त्याने विचारलं, "तो शिडीवाला?"

"वरचा दिवा बदलाय आलता."

सुखदेवने मान हलवली. त्याचा सगळा हिशोब लागला असावा. सळई बाजूला ठेवली त्याचा, हात घातला त्याचा, आईला केलेल्या फोनांचाही. तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता तर मच्छिंद्रला बरं वाटलं असतं. त्याने तसं काहीच केलं नाही. त्याने डाव्या हाताने शर्टाचं बटण पुन्हा धरलं आणि मच्छिंद्रकडे न बघता म्हणाला,

"तेजू, साहेबांना चहा नको. दार उघड."

मच्छिंद्रने दाराकडे बघितलं. कोण साहेब आले म्हणून सवयीने तो उठून उभासुद्धा राहिला. दार तर कुणी वाजवलंच नव्हतं. तेजस्विनीने स्टोव्ह बंद केला आणि कडी काढली.